पाइपाखालून जाणारं छत

चेअरमनचं तोंड पडलेलं बघायचं होतं, म्हणून मी ते वर-खाली होणारं छत केलं. कोणी विचारलं तर मी छंद म्हणून सांगतो, पण छंदापायी माणूस इतका पेटत नाही.

झालं असं, की बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिला वरचेवर संडासला जावं लागायला लागलं. तिनं प्रवासच सोडला. तिची अक्का, म्हणजे थोरली बहीण, अक्कलकोटच्या पुढं कन्नड मुलखात राहते. तिला भेटायला बायको झुरायची, पण एवढा रस्ता बसमध्ये काढायचं धाडस होत नव्हतं. मी जन्मभर बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस. म्हटलं, एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊ, मागं खोली करू, आत पलंग आणि पडद्याआड संडास. वाटेत कुठंही थांबता येईल, कुणापुढं तोंड वेंगाडायला नको.

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत अशी गाडी लावायची तर चेअरमनला विचारणं आलं. हा गृहस्थ पहिल्या मजल्यावर राहतो. त्याची गॅलरी बरोबर फाटकावर, आणि कोण आलं, कोण गेलं हे तिथं बसून बघणं हाच त्याचा रिटायर झाल्यापासूनचा उद्योग. एवढी मोठी गाडी कशाला, म्हणून त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं. कुणाजवळ बोलू नका म्हणालो. पुढच्या मीटिंगला सगळी बायामाणसं जमलेली, आणि हा उठून म्हणतो, "यांच्या मिसेसना संडास बरोबर घेऊन फिरायचंय. द्यायची काय परवानगी?" लोक हसले. बायको माझ्या शेजारीच बसली होती.

ती त्या दिवशी जिना चढून वर गेली ती खाली उतरेनाच. भाजी मी आणायची, दळण मी आणायचं. शेजारणीनं बेल वाजवली तरी ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. आणि इकडं चेअरमननं फाटकावर एक आडवा लोखंडी पाइप ठोकून घेतला. उंच गाड्यांना बंदी! व्हॅन मी तोवर घेऊन टाकली होती, आणि सोसायटीत येणारी उंच गाडी माझी एकट्याचीच होती.

मोहोळला माझ्या एका मित्राच्या शेतात मोकळी शेड आहे. तो म्हणाला, "हितं आणून लाव की. कोण इचारतंय तुला?" मी नाही म्हणालो. मला गाडी त्याच पाइपाखालून, त्याच गॅलरीखालून न्यायची होती, बायकोला शेजारी बसवून. तेवढं झाल्याशिवाय माझा जीव थंड होणार नव्हता.

काम मी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेलाच सुरू केलं. चेअरमनला दिसावं म्हणूनच. खोलीचं छत कापून सुटं, वर-खाली होणारं करायचं; ते खाली असताना गाडी पाइपाखालून जायला हवी होती. वर केल्यावर बायकोला आत ताठ उभं राहता यायला हवं होतं, कारण वाकलं की तिचे टाके ओढायचे. शिवाय ते तिला एकटीला, जोर न लावता वर करता यायला हवं होतं. वजन उचलायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली.

आधी मोटारीच्या डिकीला असतात तसले गॅसचे शॉकअप चारी कोपऱ्यांना लावले. एक कोपरा आधी उठायचा, बाकीचे मागं राहायचे, आणि छत तिरकं होऊन अडकून बसायचं. गॅलरीतून चेअरमनचा आवाज यायचा, "काय, रुसलं वाटतं छत?" मग चारी कोपऱ्यांच्या तारा एका हँडलच्या रिळावर गुंडाळून बघितल्या. एक तार ताणली जायची, दुसरी ढिली पडायची, छत पुन्हा वाकडं. त्या दिवशी मी चेअरमनला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या वर्कशॉपातही कधी ऐकल्या नव्हत्या.

आमच्या हॉलमध्ये चार सळ्यांचा झोपाळा आहे. बायको एकदा त्यावर बसली होती, शेजारी फळीवर चहाचा कप. झोपाळा मागंपुढं होत होता आणि कपातला चहा सांडत नव्हता. चारी सळ्या सारख्या लांबीच्या, त्यामुळं फळी कलतच नाही. हाच झोपाळा उलटा केला तर? फळी म्हणजे छत, सळ्या म्हणजे त्याचे हात. मी चार सारखे लोखंडी हात केले, दोन्ही टोकांना बिजागऱ्या लावल्या आणि डावा-उजवा हात पाइपानं जोडून टाकला, म्हणजे कुणी एकटा पुढं जायला नको. छत किंचित मागं सरकत, पण सपाटच्या सपाट वर आलं.

एक खोड उरली. हात पूर्ण आडवे झोपले की शॉकअपला जोर धरायला जागाच मिळेना. हात थोडे तिरके ठेवले तर छत बोटानं उठायचं, पण गाडी चार बोटं उंच व्हायची, आणि त्या पाइपानं मला चार बोटंही सोडली नव्हती. शेवटी मी खोलीच्या भिंतीच चार बोटं कापल्या आणि हात तेवढे लांब केले.

छत वर गेल्यावर मधली जागा झाकायला जाड कापड लागणार होतं. ते बायकोनं घरच्या मशीनवर शिवलं. "खिडकी ठेवू नका. भाईरनं काय दिसायला नको," एवढंच ती म्हणाली. एका दुपारी, चेअरमनच्या झोपेच्या वेळेला, ती खाली उतरली. तिनं एका हातानं छत वर ढकललं, आत जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मला रडू आलं, पण त्यातही मी वर गॅलरीकडं बघून घेतलं.

अक्काकडं निघायचा दिवस मी मुद्दाम रविवार धरला, सगळे घरात असतात म्हणून. बायको शेजारी बसली, आणि आदल्या रात्री आत आणून लावलेली गाडी पाइपाखालून अलगद बाहेर आली. चेअरमन फाटकाशी चारपाच जणांत उभा होता. मी तिथंच ब्रेक मारला. इतक्या महिन्यांचं ठरलेलं होतं: इथं, याच्या नाकासमोर छत वर करायचं, आणि मग बोलायचं. काय बोलायचं तेही पाठ केलेलं. छत ढकलायचं तर आधी मागचं दार उघडावं लागायचं; मी उतरलो आणि त्या दाराच्या खिटीला हात घातला.

"थांबा," बायको खिडकीतून म्हणाली. "उघडू नका. आत माझं सगळं हाय."

मी खिटीवरचा हात काढला. पलंगावर तिचे कपडे होते, पडद्याआड तिचं भांडं, तिची औषधं. एवढा जुगाड केला आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

चेअरमन हसत पुढं आला. "अहो, दाखवा की. बघू तरी काय केलंय ते."

तिनं मान वळवून त्याच्याकडं सरळ बघितलं. "भाऊ, तुमी एकदा मला चारचौघांत उघडं केलंय. ते मी इसरले न्हाय, इसरणार बी न्हाय. आता बाजूला व्हा."

कोणी हसलं नाही. त्याचं तोंड मला बघायचं होतं तसंच पडलं, पण मी त्याच्याकडं नीट बघितलंच नाही, मी तिच्याकडं बघत होतो. तो बाजूला झाला. मी खिटी घट्ट केली, गाडीत बसलो आणि पहिला गिअर टाकला.