पडद्याकडे पाठ

अभयचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. रविवारची दुपार होती. माझ्या माहेरी, बनारसला, दुपार ही झोपण्यासाठीच असते अशी सगळ्यांची पक्की समजूत आहे. त्या वेळी तिकडून कधी फोन येत नाही. "आत्या, बाबा गेले," अभय म्हणाला आणि मग रडत रडत सांगतच सुटला. जेवणं झाल्यावर न झोपता सगळे मिळून टीव्हीवर सिनेमा बघत होते. माझा भाऊ विनूदादा नेहमीसारखा टीव्हीच्या बाजूला, आपल्या वेताच्या खुर्चीत, टीव्हीकडे पाठ आणि घरच्यांकडे तोंड करून बसला होता. मध्ये जाहिराती लागल्या, वहिनी त्याला चहाचं विचारायला वळल्या, तेव्हा कळलं. "आम्हाला वाटलं, बाबा आमच्याकडे बघताहेत..." एवढंच अभय पुन्हा पुन्हा म्हणत होता. मेथीची जुडी तशीच मांडीवर राहिली.

माणूस टीव्हीकडे पाठ करून का बसेल, असं कुणालाही वाटेल. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचंच. मान अवघडली असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, नाहीतर बायकोशी भांडण असेल, असे तर्क लोक लढवायचे. दादा कुणाचंच म्हणणं खोडून काढत नसे. खरं कारण मी होते. ते आता सांगायला हवं, कारण सांगू नकोस म्हणणारा राहिला नाही.

आमचं घर राजा घाटाच्या वरच्या गल्लीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, गंगापूजन आमचे बाबा, म्हणजे माझे आणि दादाचे वडील, करून देत. यात्रेकरू आमच्याच खालच्या खोल्यांत उतरत आणि आई त्यांना वरणभात करून वाढी. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा त्यांना समोर बसवत आणि सांगत, "काशीला आलात, तर आवडीची एक वस्तू इथे सोडून जा. उभ्या जन्मात पुन्हा तिला शिवायचं नाही." मग जो तो सोडायला लागे. कुणी दोडका सोडे, कुणी कारलं. खानदेशातल्या एका आजोबांनी साबुदाणा सोडला, कारण त्यानं त्यांचं पोट दुखे. बाबा मान डोलवत ऐकून घेत आणि मंडळी स्टेशनावर गेली की म्हणत, "सगळे नावडीचंच टाकून जातात. गंगामाईला काय सब्जीमंडी समजलेत!" दादा या प्रसंगाची नक्कल अशी करी की आईला पदर तोंडात कोंबावा लागे.

दादा माझ्याहून बराच मोठा. मी गल्लीत लगोरी खेळत होते तेव्हा त्याला मिशी फुटली होती आणि सिनेमाचं वेड लागलेलं होतं. वेड म्हणजे साधंसुधं नाही. एकच सिनेमा तो पुन्हा पुन्हा बघे, पुढच्या बाकड्यांवर बसून, आणि घरी आला की मला घाटाच्या पायऱ्यांवर नेऊन अख्खा सिनेमा करून दाखवी. हीरो तोच, हीरोइन तोच, आणि वेळ आली तर घोडासुद्धा तोच. नावा बांधता बांधता मल्लाह लोक थांबून ऐकत. मध्येच तो थबके आणि म्हणे, "पण सुमे, समज, ती चिठ्ठी तिला मिळालीच नसती तर?" आणि मग तिथून पुढचा सिनेमा त्याचा स्वतःचा सुरू होई. मला तर सिनेमा कुठे संपला आणि दादा कुठे सुरू झाला हे कधीच कळलं नाही.

त्याला लेखक व्हायचं होतं. शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं, दोस्त सगळे बनारसी, पण कथा मात्र तो मराठीत लिही. का, असं विचारलं तर म्हणे, "हिंदीत माझं मन पळत असतं. मराठीत ते जरा बसतं." लिहिलेलं पुण्या-मुंबईच्या मासिकांना पाठवी आणि ते साभार परत येई. एका संपादकांनी बरोबर दोन ओळी लिहिल्या होत्या, की कथानक सिनेमाचं वाटतं आणि भाषा मराठीच असूनही मराठी वाटत नाही. दादाचा चेहरा उतरला. बाबा एरवी त्याच्या लिहिण्याला रिकामटेकडे उद्योग म्हणत, पण त्या दिवशी संपादकांवरच चिडले. "त्याला म्हणावं, इथे येऊन राहा दोन पिढ्या. मग बघू तुझी मराठी!" पुढे मुंबईचे एक यात्रेकरू आमच्याकडे उतरले. ते सिनेमावाल्यांचे कपडे शिवत. दादानं त्यांना घाटावर एक कथा ऐकवली आणि ते म्हणाले, "या हो मुंबईला. लिहिणाऱ्यांच्या एक-दोन ओळखी आहेत आपल्या." झालं! दादानं ट्रंक विकत आणली, शर्टांना इस्त्री केली, गल्लीभर सांगून झालं. आई त्याच्यासाठी चकल्या करायला बसली.

आणि मी आजारी पडले. मुदतीचा ताप. त्यातलं मला काहीच आठवत नाही, जे सांगते ते आईकडून ऐकलेलं. ताप उतरेना, मी माणसं ओळखेनाशी झाले, वैद्यही झाले आणि डॉक्टरही झाले. बाबा पाठ म्हणत उशाशी बसून होते. एका सकाळी दादा उठला, घाटावर गेला, आणि ओल्या कपड्यांनी निथळत दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मी सोडलं."

"काय सोडलंस?" आईनं विचारलं.

"सिनेमा. ही बरी होऊ दे, मी पुन्हा सिनेमा नाही बघणार."

बाबांचा पाठ थांबला. "अरे, खाण्यातलं काहीतरी सोडायचं असतं!"

"आवडीचं सोडायचं असतं ना?" दादा म्हणाला. "तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

बाबांनी पुन्हा पाठ सुरू केला. मी बरी झाले. मुंबईचं जाणं कायमचं राहून गेलं, कारण सिनेमा न बघणारा माणूस सिनेमा लिहिणार कसा? ट्रंकेत आईनं रजया भरल्या. दादा एका कॉलेजच्या कचेरीत चिकटला आणि तिथूनच रिटायर झाला.

पण सिनेमा सोडला तरी त्याचं वेड कुठे जातंय! कचेरीतून परतताना तो टॉकीजसमोर उभा राहून पोस्टर बघे. पोस्टर बघायला बंदी नव्हती, हा त्याचा स्वतःचा निवाडा. तिथला दरवान त्याला जुन्या दिवसांपासून ओळखत होता. आत नाही का जायचं, म्हणून तो हाक मारी, "का गुरु, भितरे ना जइबा?" दादा हसून हात जोडी आणि घरी येऊन त्या एका चित्रावरून मला सबंध सिनेमा सांगे. एकदा पोस्टरवर एक बाई, एक घोडा आणि मागे जळतं घर होतं. त्यावरून त्यानं अशी गोष्ट रचली की मला आठवडाभर पुरली. पुढे मी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर तो सिनेमा पाहिला. घोडा एका गाण्यापुरता आला आणि गेला, घर तर जळलंच नाही! मी तणतणत घरी आले. "दादा, तुझाच चांगला होता. खऱ्या सिनेमात तर..." त्यानं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "नको सांगू, सुमे. माझा बिघडेल."

मोठी होत गेले तसं मला हे टोचायला लागलं. माझ्या जिवासाठी त्यानं आपलं लेखकपण गहाण टाकलं, असं मनानं घेतलं. कथा परत येतच होत्या आणि प्रत्येक परत आलेल्या पाकिटागणिक मला वाटे, हे माझं देणं. लग्न होऊन मी नागपूरला आले, शाळेत शिकवायला लागले, तरी ते गेलं नाही. एका उन्हाळ्यात माहेरी गेले असताना बाबांच्या ओळखीचे एक वृद्ध शास्त्री आले होते. मी त्यांना विचारलं, काशीत सोडलेलं परत घेता येतं का? म्हणाले, येतं, छोटंसं प्रायश्चित्त आहे. मी धावत दादाकडे गेले. तो आरशासमोर दाढी करत होता. सगळं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "आणि उद्या तुला साधी सर्दी झाली, तर मी काय करू?"

हसला खरा, पण वस्तरा गालाशी तसाच थांबला होता. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग घरात टीव्ही आला, तेव्हा मी सुटीत माहेरीच होते. बाबा तोवर गेले होते. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागे आणि गल्लीतली अर्धी मंडळी आमच्याकडे जमत. पहिल्याच रविवारी दादा चपला घालून घाटाकडे निघाला. आईचे गुडघे गेले होते, तिला बाहेर पडणं होत नव्हतं. ती म्हणाली, "तू नाही बसणार तर बंद कर ते. मला पण नाही बघायचं." दादा दारात घुटमळला. मग परत आला, वेताची खुर्ची उचलली, टीव्हीच्या बाजूला उलटी ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून आमच्यासमोर बसला. "बघणं सोडलंय आई, बसणं थोडंच सोडलंय," तो म्हणाला. "आणि कान काय, ते तर बंदच नाही होत."

तेव्हापासून ती त्याची जागा. मी सुटीला गेले की मीही असायची; आम्ही सिनेमा बघायचो, तो आम्हाला बघायचा. आमच्या तोंडांवरून तो ओळखायचा, "आता बाप घरी आला वाटतं", "आता ही रडणार". आणि बरोबर निघायचं! सुरुवातीला आम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं, मग सवय झाली, इतकी की तो बघतोय हेही आम्ही विसरून जायचो.

आईचं माहेर वाईजवळचं. लग्न होऊन काशीला आली ती पुन्हा फारशी गेलीच नाही. पडद्यावर गाडी सुटली की तिचा उजवा हात मांडीवरून थोडासा उठायचा आणि बोटं हलायची, कुणाला निरोप दिल्यासारखी. हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. कसं दिसणार? आम्ही गाडी बघत होतो! दादानं त्यावर कथा लिहिली. तिच्यात ना जुळे भाऊ होते, ना जळतं घर. एक म्हातारी, एक टीव्ही आणि तो हात, एवढंच. ती एका दिवाळी अंकात छापून आली आणि संपादकांनी तिच्यातला एकही हिंदी शब्द बदलला नाही. दादानं ती आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "मी असं करते? हट्!" आणि पुढच्या रविवारी हात मांडीखाली दाबून बसली.

त्यानंतर काही दारं धडाधड उघडली नाहीत. छापून आलेल्या त्याच्या कथा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. "काशीतला सगळ्यात म्हातारा होतकरू लेखक," अशी तो नव्या माणसाला स्वतःची ओळख करून देई. तो हसे, पण मला ते लागे. मागच्या उन्हाळ्यात, आमच्या शेवटच्या भेटीत, मी धीर करून बोलले. दोघं घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो होतो, खाली उतरणं आता दोघांनाही जमत नव्हतं. म्हटलं, "दादा, माझ्यामुळे तुझं मुंबईला जाणं राहिलं. नाहीतर तू..."

तो गंगेपलीकडे रामनगरच्या बाजूला वळला. मग म्हणाला, "गेलो असतो, तर आईचा हात कुणी बघितला असता गं?"

खरंच त्याला तसं वाटत होतं, की म्हाताऱ्या बहिणीची समजूत काढत होता... मला अजून ठरवता येत नाही. गोष्टी रचण्यात तो पटाईत होता आणि माझ्यासाठी तर त्यानं नेहमीच चांगल्या रचल्या.

तेराव्याला गेले ती तिथेच राहिले. दोन-तीन रविवार टीव्हीला कुणी हात लावला नाही. शेवटी अभयची मुलगी, मिनी, हिनंच हट्ट धरला. "आबांना सुना-सुना घर आवडायचं नाही," म्हणाली आणि टीव्ही लावला. मी येऊन बघते तर तिनं दादाची खुर्ची माझ्यासाठी सरळ करून ठेवलेली. "इथे बस, आत्याआजी. इथून छान दिसतं." मी खुर्ची पुन्हा फिरवली, होती तशी, आणि टीव्हीकडे पाठ करून बसले.

मागे पडद्यावर कुठलीशी गंमत चालली होती. समोर अभय बसला होता, तोंड थोडं उघडं टाकून, अगदी लहानपणी बसायचा तसा. मिनी ओढणीचं टोक चावत होती. वहिनींच्या हातातली जपमाळ एका मण्यावर अडली होती. मागे कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे एकदम हसले. हसता हसता वहिनींनी सवयीनं पडद्यावरून नजर काढली आणि खुर्चीकडे बघितलं, "ऐकलंत ना?" अशा नजरेनं... आणि मग त्यांच्या लक्षात आलं की खुर्चीत मी आहे. मी अभयला म्हटलं, "बघतच होता रे तो. तुमच्याकडेच बघत होता." अभयला काही ऐकू गेलं नाही, आवाज मोठा होता. मिनीला तेवढा माझा चेहरा दिसला.

"आत्याआजी, तू का रडतेय?" ती म्हणाली. "अजून तर कोणी मेलं पण नाही!"