कारणाला मार्क

माझ्या आईनं बी.एड. केलं ते उशिरा, मी चौथी-पाचवीत असताना. बाबा रेल्वेत, भिलाई-३ च्या यार्डात. त्यांच्या शिफ्टा, माझी शाळा आणि स्वयंपाक यांच्या फटीतून तिचा अभ्यास चाले. पुस्तकं सगळी हिंदीत. त्यात एक धडा होता, माणसाची चांगल्या-वाइटाची समज पायरी-पायरीनं कशी वाढत जाते याचा. तो धडा तिला इतका आवडला की परीक्षा झाली, शाळेत नोकरी लागली, तरी तो आमच्या घरातून काही गेला नाही. प्रयोगाला कुणीतरी हवं होतं आणि घरात मूल मी एकटीच.

कणीक मळता मळता ती मला पेच घाली. पुस्तकातले पेच परदेशी, ते बाजूला ठेवून तिनं आपले तयार केले होते. फाटकावर गेटमन आहे, मागच्या खोलीत त्याचं पोरगं तापानं फणफणलंय, बापाला हाका मारतंय, आणि गाडी यायची वेळ झाली आहे. त्यानं काय करावं? मी काहीही सांगितलं तरी तिचा चेहरा हलत नसे. पुढचा प्रश्न ठरलेला, तिच्या बोलीतलं 'का म्हणून'.

"कावून?"

उत्तराला मार्क नाहीत, कारणाला आहेत, हा तिचा नियम. मार बसेल म्हणून, हे सगळ्यात खालचं कारण. आपल्याला काय मिळेल, हे त्याच्या वरचं. मग लोक काय म्हणतील, मग कायदा आहे म्हणून, आणि या सगळ्याच्या वर माणसाचा हक्क, त्याचं स्वातंत्र्य. मी कारण सांगितलं की ती पिठानं माखलेली बोटं वर करून माझी पायरी दाखवी. पाचही बोटं वर झाली की तिचा चेहरा असा उजळे की तो बघण्यासाठी मी काहीही बोलायला तयार होते. आणि बोलतही असे. आईला काय ऐकायचं आहे हे ओळखायला मुलांना बी.एड. करावं लागत नाही.

एकदा मात्र मी त्या गेटमनच्या पेचावर म्हटलं, की त्यानं पोराजवळ जावं, कारण त्याला त्याचं पोरगं आवडतं. आई थबकली. मग जरा हळूच म्हणाली, हे कारण नाही वं, हे तर नुसतं मन आहे. त्या दिवशी एकही बोट वर झालं नाही. ती चूक मी पुन्हा केली नाही. बाबा खाटेवर पडून हे सगळं ऐकत आणि म्हणत, या घरात चहा मागायलाही कारण द्यावं लागतं.

मोठी होऊन मी पुण्याला गेले, नोकरी, लग्न, दोन खोल्यांचा फ्लॅट, सगळं रीतसर झालं. मैत्रिणी सल्ला विचारायला माझ्याकडे येत, कारण मी दोन्ही बाजू नीट मांडून देई. नवरा म्हणतो, तुझ्याशी भांडायचं म्हणजे वकील करावा लागेल. मला ते कौतुकच वाटत आलं.

बाबा गेल्यावर आई भिलाई-३ च्या घरात एकटी राहिली. रिटायर होताना त्यांनी बांधलेलं ते लहानसं घर. तिचे गुडघे कुरकुरत होते, तरी पावर हाउस भागातल्या बाजारात जाऊन भाजी स्वतःच आणायची. पिशवी कुणाला धरू देत नसे. तू कशी आहेस विचारलं की म्हणे, मजेत. आम्ही रोज फोनवर बोलत असू आणि त्यापलीकडे एकमेकींना काही विचारत नसू.

एका रविवारी ती फोनवर म्हणाली, तुला एक पेच घालते, खूप दिवस झाले. मी हसले, चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले. पेच असा: एक बाई आहे. नवरा गेला. पोरगी दूर, मोठ्या शहरात, जागा लहान. बाईनं आपल्या घरी राहावं की पोरीकडे जावं? पोरीनं काय म्हणावं?

बाई कोण हे न कळण्याएवढी मी खुळी नव्हते. कळलं, आणि मला वाटलं की आपण दोघी मिळून किती समजूतदारपणे हा विषय काढतो आहोत. मी विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, निर्णय त्या बाईचा. पोरीनं तिला ये म्हणून भरीस घालू नये आणि नको म्हणून अडवूही नये. म्हातारपणी माणसाच्या हातात एवढंच स्वातंत्र्य उरतं, ते पोरीनं मायेच्या नावाखाली काढून घेऊ नये.

पलीकडे कुकरची शिटी झाली. आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरोबर आहे. पाचवं."

मला आनंद झाला, लहानपणी व्हायचा तसाच. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, कारण फ्लॅट लहान होता आणि आता मला काही ठरवायचं नव्हतं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

पुढच्या थंडीत ती न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी रजा टाकून धावले आणि दवाखान्यात तिच्या उशाशी बसले. गाऊनमध्ये ती एवढीशी दिसत होती. एका दुपारी मी म्हटलं, आई, आता तू माझ्याकडे चल.

ती पडल्या पडल्या म्हणाली, "कावून?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माझ्या मनात आलं, आणि मी कारणं सांगायला लागले. आमच्याकडे लिफ्ट आहे. दवाखाना दोन मिनिटांवर. इथे पुन्हा पडलीस तर उचलणार कोण? शेजारपाजारचे मला काय म्हणतील? आणि मुलगी म्हणून माझं कर्तव्य आहेच की. बोलत गेले तशी एकातून एक कारणं सापडत गेली. त्यातलं एकही खोटं नव्हतं. आई डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिनं डोळे उघडले.

"आईले घरी न्यायले एवढी कारणं लागते काय वं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, रडले असते, आणि रडता रडता जे आहे ते तोंडून निघालं असतं: की संध्याकाळी घरी परतल्यावर मला तिची आठवण येते, की ती मला हवी आहे, बस. ते ओठांवर आलंही होतं. पण ते सांगण्याजोगं कारण आहे असं मला वाटेना. त्याच्या जोडीला काहीतरी भक्कम हवं, असं वाटत राहिलं. मी म्हटलं, तसं नाही आई, आणि फिजिओथेरपीचं विचारायला बाहेर गेले.

ती आली नाही. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, वॉकर घेतला, न्हाणीत धरायला दांडे बसवले. सगळी व्यवस्था मी केली आणि चोख केली. होळी झाली आणि काही दिवसांतच ती गेली, आपल्या घरात, आपल्या खाटेवर.

कधी कधी मी तिलाच दोष देते. म्हणते, तूच शिकवलंस. पण तिनं मला दहा वर्षांची असताना शिकवलं होतं आणि मी आता चाळिशीला टेकले आहे. मधल्या वर्षांत काही विसरायला मला कुणी मनाई केली नव्हती.

लोक समजूत घालतात, की तिला स्वतःच्याच घरी राहायचं होतं, तू तिच्या इच्छेचा मान राखलास. मी मान हलवते. तिला काय हवं होतं ते तिनं मला दोनदा, एकदा फोनवर आणि एकदा दवाखान्यात, प्रश्न विचारून सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी तिला उत्तर दिलं.