जळक्या क्लचचा वास

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या चढावर नवऱ्याने आज क्लच जाळला आणि त्या करपट वासाने मला छोटा उदेपूरचा डोंगर आठवला.

लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत, तिथल्या खडीच्या वाटेवर यांची जीप अशीच अडकली होती. हे घामाघूम होऊन उतरले. मी स्टिअरिंगवर बसले, चारही चाकांना जोर देणारा खालचा गिअर टाकला, क्लचवरून पाय काढला आणि जीप मुंगीच्या चालीने वर नेली. माथ्यावर थांबलेले यांचे मित्र दिसताच, जीपच्या बाजूने चालणारे हे म्हणाले, "सरक आता, मंडळी बघतायत." मी सरकले.

"वाह भाई, शुं गाडी चलावी!" मित्र यांचं कौतुक करत ओरडले. हे हसले. मी सगळ्यांना ठेपले वाढले. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. आज तळपायाची आग मस्तकात गेली.

मागे हॉर्न वाजत होते. "उतर, गाड्या थांबव," हे खेकसले.

मी उतरले आणि यांच्या बाजूचं दार उघडलं. "सरका," मी म्हणाले, "बघू देत मंडळींना."