फाटकापासून खुर्चीपर्यंत

माझ्या लेकीचं लग्न पुण्यात एकाच दिवशी दोनदा झालं. सकाळी आपल्या पद्धतीनं, दुपारी जावयाच्या. जावई टेक्सासचा. त्याचे आजीआजोबा मेक्सिकोतून तिथे गेलेले, त्यामुळे घरातल्या रिती अजून तिकडच्या. सकाळी कन्यादान माझ्या नणंदेनं आणि तिच्या यजमानांनी केलं. विधवेनं करायचं नसतं, असं मला कुणी म्हटलं नाही. म्हणायची वेळच मी येऊ देत नाही. हे गेल्यापासून कुठल्याही कार्यात मीच आधी मागे सरते, म्हणजे सरकवायचे कष्ट कुणाला नकोत.

दुपारच्या लग्नात मात्र मला मागे सरता येईना. त्यांच्यात लासो असतो. लासो म्हणजे मण्यांची लांब माळ, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दोन फेऱ्यांची. शपथा झाल्या की एक फेरा नवऱ्याच्या खांद्यावर, एक नवरीच्या. आपण उपरण्याला शेल्याची गाठ मारतो, तसाच अर्थ. तो घालायचा जोडप्यानं, ज्यांचा संसार बघून पोरांनी शिकावं अशा जोडप्यानं. आदल्या दिवशी विहीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही दोघं घालाल ना?"

मला वाटलं, यांना कुणी सांगितलंच नाही. म्हटलं, "अहो, माझे यजमान आता नाहीत."

"ठाऊक आहे," त्या त्यांच्या संथ इंग्रजीत म्हणाल्या. "पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची मांडू. आमच्याकडे गेलेली माणसंही लग्नाला येतात."

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, आम्ही दोघं घालतो की. उगाच पोरीच्या सुखाला कशाला..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. उरलेलं अर्धं माझ्या छातीत जाऊन बसलं, कारण तीच भीती मलाही होती. पण लेक म्हणाली, "आई, तूच. नाहीतर लासोच नको." लग्न झालं की दोन दिवसांत ती टेक्सासला जाणार होती, आणि मग त्या घरात मी एकटी. मी हो म्हटलं.

घरातली ह्यांची वेताची खुर्ची कार्यालयात आणून ठेवली, तिच्यावर ह्यांचा फोटो. ते लग्नाला येणार आहेत, फोटोला गेलेल्या माणसासारखा हार घालायचा नाही, असं विहीणबाईंनी बजावलं होतं, त्यामुळे ती जागा फार ओकीबोकी दिसायला लागली. मार्केट यार्डातून आणलेला झेंडू सकाळच्या तोरणांना पुरून पोतंभर उरला होता. वाया कशाला घालवा? मी बसून पाकळ्या खुडल्या आणि फाटकापासून थेट खुर्चीपर्यंत केशरी पट्टा घातला.

विहीणबाई आल्या आणि फाटकातच थबकल्या. "ही वाट कुणी घातली?"

"मी. का? तुम्हाला झेंडू चालत नाही का?"

त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडे ही वाट वर्षातून एकदाच घालतात, मृतांच्या दिवसांत. झेंडूच्या वासावर ते घरी येतात."

मी केरसुणी आणायला वळले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको. बोलावलेल्या माणसाला अर्ध्या वाटेवरून परत पाठवू नये."

आपल्याकडे झेंडू म्हणजे दसरा, फार तर नव्या गाडीला हार. मी हसून सोडून दिलं. पण त्यानंतर त्या पट्ट्यावर कुणी पाय ठेवेना. पाहुणे, वाढपी, सगळे वळसा घालून जात होते, आणि त्यांना तर कुणी काही सांगितलंही नव्हतं.

खुर्चीशेजारी एक उभा पंखा होता. ह्यांना अंगावर वारा सोसायचा नाही. कुठल्याही लग्नात गेले की आधी जवळचा पंखा बंद करायचे, मग मागचे घामानं निथळले तरी चालेल. मी पाहिलं तेव्हा पंखा थांबलेला होता. मी चालू केला. फोटो सरळ करून वळले, तर पुन्हा बंद.

"कार्यालयाचा पंखा तो," नणंदेचे यजमान म्हणाले, "चालला असता तर नवल." एरवी मी हसले असते. पण त्याचं बटणच कुणीतरी बंद केलेलं होतं.

शपथा झाल्या. लासो घेऊन मी एकटी पुढे गेले. जावई चांगलाच उंच, मी त्याच्या खांद्यालाही धड पोचत नाही. आधी लेकीला घालायचा आणि मग जावयाला वाकायला सांगायचं, असा माझा बेत होता. लेकीच्या डोक्यावरून एक फेरा उतरवला, दोन्ही हातांनी तिच्या खांद्यावर नीट बसवला आणि दुसरा फेरा उचलायला खाली पाहिलं. तो खाली नव्हता. जावयाच्या खांद्यावर तो व्यवस्थित बसलेला होता. जावई मान ताठ ठेवून माझ्या शेजारी, माझ्या डोक्याच्या जरा वर बघत होता. ह्यांची उंची तेवढीच होती.

आधी मी घाबरले. आनंद झाला तो नंतर, आणि इतका झाला की रडू आवरेना.

"वहिनी, तुमचा हात एवढा वर पोचला कसा हो?" नणंदेनं विचारलं.

"टाचा उंचावल्या," मी म्हटलं.

संध्याकाळी मंडळी पांगली. विहीणबाई निघताना माझ्याजवळ आल्या. "पाकळ्या आता तुम्हीच झाडा. खुर्चीपासून सुरुवात करून फाटकाकडे जा. माझी आई तसंच करायची. मग ते आपल्या पुढे पुढे चालत बाहेर पडतात. उलटं करू नका. फाटकाकडची वाट आधी पुसली, तर त्यांना परत जाता येत नाही."

मी मान डोलावली. लेकीची गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत फाटकात हात हलवत उभी राहिले. वेताची खुर्ची घरी न्यायला टेम्पो थांबलेला होता. आत खुर्चीशेजारचा पंखा अजून बंदच होता. मी केरसुणी घेतली आणि उभी होते तिथूनच, फाटकापासून, झाडायला लागले.