कोडापुढची तीन शून्यं

सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं बाबूगिरी केली. त्या नोकरीनं मला एक खोड लावली: फॉर्ममधला रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या जागी उद्या कोणी काहीही लिहील, म्हणून रेघ मारा, निरंक लिहा, नाहीतर शून्य टाका. यावरून मी नव्या कारकुनांना चारचौघांत झापलेलं आहे.

मुलीला जर्मनीत प्रवेश मिळाला. तिकडच्या बँकेत वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी भरून दाखवायची, त्याशिवाय व्हिसा नाही. व्हिसाची तारीखही मोठ्या मुश्किलीनं मिळालेली. ती नागपूरला राहून जर्मन शिकत होती, म्हणून इथं आमच्या नेर गावच्या बँकेत पैसे पाठवायचा फॉर्म मी भरायला घेतला. तिनं फोनवर बजावलं, “बाबा, त्यायच्या बँकेचा स्विफ्ट कोड आठच अक्षरांचा हाय. चार बँकेचे, दोन देशाचे, दोन गावाचे. मांगचे तीन शाखेचे असतात, ते आपल्याले लागत नाही. रिकामे ठेवजा.”

“फॉर्म भरनं तू मले शिकवून राह्यली का?” मी म्हणालो.

फॉर्मवर घरं अकरा. आपल्या इकडच्या बँकांच्या आयएफएससी कोडची अक्षरंही अकराच, आणि त्यात पाचव्या जागी शून्य असतंच. मग शून्य टाकल्यानं बिघडणार काय? मी कोडापुढे उरलेल्या तीन घरांत तीन शून्यं टाकली, चांगली ठसठशीत. स्वतःचं वळणदार अक्षर बघून खूशही झालो.

आमच्या शाखेतून पैसे थेट परदेशात जात नाहीत. कागद आधी नागपूरच्या मोठ्या शाखेत जातात. आठवडा गेला. मुलगी रोज विचारायची, मी रोज “होते, होते” म्हणायचो. शेवटी डोकं फिरलं. बँकेत जाऊन काउंटरवरच्या मुलीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. पगार कायले घेता, असंही बोललो. रांगेतली माणसं बघत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच सकाळी नागपूरहून परत आलेला फॉर्म माझ्यासमोर ठेवला. माझ्या तीन शून्यांभोवती लाल गोल होता.

“काका, असा कोडच नाही कुठं,” ती हळूच म्हणाली. “हे शून्य काहून टाकले तुम्ही?”

मी तिच्याकडून नवा फॉर्म मागून घेतला. तिची माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही.

नवा फॉर्म भरला, पण पैसे पोचेपर्यंत व्हिसाची तारीख निघून गेली. पुढची तारीख मिळाली ती सत्र सुरू झाल्यानंतरची. विद्यापीठानं प्रवेश राखून ठेवायला नकार दिला आणि दुसऱ्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. आता ती यवतमाळला एका खासगी कॉलेजात शिकवते, एसटीनं जाऊन-येऊन करते.

चूक माझीच, हे मी तिला फॉर्म परत आला त्याच दिवशी सांगितलं होतं. ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या दिवाळीत तिचे मामा जेवायला आले. भरल्या पंगतीत त्यांनी विचारलं, “काय झालं वं पोरी तुह्या जर्मनीचं?”

मी ताटाकडे बघत बसलो.

“बँकेवाल्यांनी घोळ केला, मामा,” ती भाजी वाढता वाढता म्हणाली. “बाबांनी तं लय धावपळ केली.”

मामा बँकेच्या नावानं बोटं मोडू लागले, आणि मी मान डोलावली.