ताठ मानेचे हेडक्लार्क

झाशीत आमच्या कारखान्याच्या ऑफिसात एक हेडक्लार्क आहेत, मूळचे नागपूरचे. कॉम्प्युटरसमोर कुणाची मान पुढे आलेली दिसली, की ते त्याला उठवून भिंतीशी उभं करतात. "टाचा, पाठ, डोकं भिंतीला. अब ठुड्डी अंदर, भैया," म्हणजे हनुवटी आत. माझा स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर यावा म्हणून त्यांनी त्याखाली जुन्या फायली रचल्या आणि माझी मानदुखी खरंच थांबली.

परवा या हेडक्लार्कच्याच हातून हरवलेल्या नकाशावरून साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. साहेबांना उत्तर देता देता मी हेडक्लार्ककडे पाहिलं. ते फरशीकडे बघत "जी सर, जी सर" म्हणत राहिले. साहेब गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "उत्तर देताना तुमची मान फार पुढे येत होती."