साळवे मॅडमची चाचणी आणि न्हावऱ्याची बस

आदरणीय साळवे मॅडमची आणि माझी ओळख रांजणगावच्या एका कारखान्याच्या संगणक विभागात झाली. मी दौंडची, नवी नवी डिग्री, नाक वर! प्रोग्रॅम तपासायला मी लिहिलेली पहिलीच चाचणी बघून मॅडम म्हणाल्या, "पास झालीये, छान. पण तिनं नेमकं तपासलंय काय?" मला मेला असा राग आला!

तो राग उतरला मंदाताईंमुळे. त्या न्हावऱ्याच्या, दुसऱ्या पाळीला जुळणीच्या कामावर. कंपनीच्या बसच्या याद्या आमचा प्रोग्रॅम काढायचा. एकदा मंदाताईंचं नाव यादीतून गळलं आणि रात्री पाळी सुटल्यावर बस त्यांना न घेताच गेली. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून नोकरीच बंद केली. आणि आमच्या चाचण्या? सगळ्या पास! आम्ही फक्त नावांची संख्या तपासत होतो. दुसऱ्या कुणाचं तरी नाव दुबार आल्यामुळं संख्या बरोबर जुळली होती.

मॅडमनी कुणालाच धारेवर धरलं नाही. त्यांनी ती चाचणी मॅचर वापरून नव्यानं लिहिली. मॅचर म्हणजे आपली अपेक्षा वाक्यासारखी मांडायची सोय: पाळीतलं प्रत्येक नाव यादीत एकदाच असावं, क्रम कसाही चालेल. चाचणी चालवली आणि लगेच नापास झाली. जुनी चाचणी नापास झाली तरी नुसतं 'चूक' म्हणून गप्प बसायची. हिनं मात्र मंदाताईंचं नाव सापडत नाही, असं स्पष्ट सांगितलं. दुपारपर्यंत प्रोग्रॅम दुरुस्त झाला.

दुसरं कुणी असतं तर तिथंच थांबलं असतं. मॅडम मला घेऊन न्हावऱ्याला गेल्या. मंदाताईंचे सासरे, आबा, ओट्यावर बसले होते.

"म्हंजी मशीन चुकलं व्हय?"

"न्हाई आबा, आम्ही चुकलो. आता दुरुस्त केलंय. तरी आठवडाभर मी स्वतः त्यांच्याबरोबर बसनं येते."

"तुम्ही? शिरूरच्या तुम्ही, हिकडं वाकडी वाट करून?"

"व्हय, मीच."

आबा आत तोंड करून ओरडले, "मंदे, उद्या कामाला जायचंय, आवरून ठेव!" मला तर रडूच आलं.

मॅडम खरंच आठवडाभर त्या बसनं गेल्या. गावातल्या बायका ते बघत होत्या, आणि पुढच्या महिन्यात मंदाताईंच्या गल्लीतल्या आणखी दोघी कामाला लागल्या.

मॅडम, साठी झाली, आता तरी वेळेवर जेवत जा. खूप जगा, ठणठणीत राहा. न्हावऱ्याच्या बसमध्ये आज कामाला जाणाऱ्या इतक्या बायका असतात की बसायला जागा मिळत नाही, ते तुमच्यामुळं.